जमीन विकताना लागणारी सही मानशीच्या बैठकीतही लागू द्या

प्रति,
खाजन शेतीच्या टेनंट असोसिएशनांच्या व्यवस्थापन समित्या,
ग्रामपंचायतींची पंच मंडळे
आणि विभागीय कृषी कार्यालये, गोवा.

महोदय, महोदया,

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष जाहीर केले आहे, आणि 15 ऑक्टोबरचा महिला किसान दिन तर आपल्याकडे दरवर्षी येतोच. त्या निमित्ताने शाल, श्रीफळ, एखादे कलम आणि फोटो हे सगळे होईल. होऊ दे, शाल कोणाला नकोशी नसते. पण शाल पांघरलेल्या त्या बाईचे नाव टेनंट असोसिएशनच्या, म्हणजे बांध राखणाऱ्या कुळांच्या संघटनेच्या, सभासद यादीत नसते, एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर नसते, आणि घरातले कृषी कार्ड नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावाचे असते. सरकारदरबारी ती गृहिणी. गृह आधार योजनेचे महिना 1,500 रुपये तिला त्याच नात्याने मिळतात. शेतकरी म्हणून तिची नोंद कुठे सापडते का ते शोधायला गेलो तर हाती काही लागत नाही. हे पत्र त्या कागदांबद्दल आणि तुमच्या बैठकांच्या वेळांबद्दल आहे.

मानशीपासून, म्हणजे बांधातल्या भरती-ओहोटीच्या दारापासून, सुरुवात करतो, कारण खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतीत, सगळे तिथूनच सुरू होते. मानशीचे दार आपोआप चालते. भरतीचे पाणी बाहेरून रेटते तेव्हा झडप मिटते, आणि ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब जास्त झाला की उघडते. इतकी साधी रचना बिघडते तीही साध्याच कारणांनी. वाहून आलेला ओंडका झडपेत अडकतो. फळ्यांच्या कडा कुजतात आणि बोटभर फट राहते. उंबऱ्याखालची माती पाण्याच्या धारेने खरवडून जाते. चौथे कारण सभेत कोणी मोठ्याने बोलत नाही: दार मुद्दाम अडवून ठेवलेले असते. भरतीबरोबर सुंगटे (कोळंबी) आत घ्यायची आणि ओहोटीला तोंडाशी जाळे लावायचे. मानशीच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि तिचा पैसा बांधाच्या डागडुजीला लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण पावणी घेणारा हिशेब मांडतो तो सुंगटांचा. आतल्या कुणग्यांतले, म्हणजे शेताच्या तुकड्यांतले, भात त्या हिशेबात कुठेच येत नाही.

या दारावर नजर ठेवायची तर घड्याळ कामाचे नाही. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज पहाटे 4 ला आलेली भरती चार दिवसांनी सव्वासातच्या पुढे येते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत वर चढते, अष्टमीच्या सुमारास भांग असतो. राखणदार नेमलेला असेल तिथे ठीक. नसेल तिथे हे तंत्र सांभाळते ती बांधालगतच्या घरातली बाई. ढोरांना सोडताना, कपडे धुताना, रात्री न्हाणीघरात जाताना तिचे लक्ष पाण्याच्या आवाजाकडे असते. दार नीट मिटले असेल तर भरतीला आतल्या बाजूला शांतता असते, आणि फट असेल तर खळखळ ऐकू येते.

बांधावरचे कुर्ल्यांचे बीळही पहिल्यांदा तिलाच दिसते. बांधाच्या आतल्या अंगाला एखाद्या जागी माती ओलसर, काळपट दिसते. पाझर सुरू झाल्याची ती खूण. त्या वेळी दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम असते. भोक पुरते खणून उघडायचे, आतली मऊ माती काढून घट्ट थरापर्यंत जायचे, मग चिकण माती थराथराने घालून प्रत्येक थर पायांनी तुडवायचा. तोंडाशी दगड किंवा प्लास्टिकची पोती कोंबून भागत नाही, कारण पाणी दगडाच्या बाजूने नवी वाट करते आणि पुढच्या उधाणाला तिथेच खांड पडते. खांड पडली की तो हंगाम गेला, आणि पुढच्या पावसात मीठ धुऊन निघाले नाही तर त्यापुढचाही. आता पाझर दिसला तर तिने सांगायचे कोणाला? नियमाप्रमाणे असोसिएशनच्या समितीला. समितीत तिचा नवरा सभासद आहे, तो कामाला पणजीत किंवा वेर्ण्याला, आणि निरोप रविवारी पोचतो.

म्हणून पहिली मागणी अगदी छोटी आहे. मानशीच्या पावणीच्या अटींत दोन ओळी वाढवा. भात उभे असताना भरतीला दार अडवून धरल्यास अनामत जप्त होईल, ही एक. मानशीजवळच्या घरांतल्या दोन बायकांना पाहणीचा अधिकार आणि एक वही, ही दुसरी. वहीत तारीख, तिथी, दाराची स्थिती आणि पाझर दिसला असल्यास जागा एवढे चार रकाने पुरेत. आणि वहीच्या पुठ्ठ्यावर समितीतल्या तिघांचे फोन नंबर. त्यांपैकी एक जण तरी गावात राहणारा असावा.

जमल्यास एक क्षारता मापकही घ्या, खिशात मावणारा. शेतातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायची रीत आहेच, पण जीभ फक्त खारट आहे एवढे सांगते, किती ते सांगत नाही. मातीच्या अर्काची क्षारता 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. साध्या भाताच्या उत्पन्नाला त्याआधीच, 3 च्या पुढे गेल्यावर फटका बसू लागतो. इथे एक घोटाळा नेहमी होतो. खिशातला मापक दाखवतो तो उभ्या पाण्याचा आकडा, आणि तो मातीच्या अर्काचा आकडा समजून चालत नाही. पाण्याचा आकडा आठवड्यागणिक चढतोय की उतरतोय, एवढ्याचसाठी बघावा. जूनमध्ये पहिल्या पावसाचे पाणी कुणग्यात उभे करून ओहोटीला मानशीतून सोडायचे, असे दोन-तीनदा केले की आकडा खाली येतो. खाली आला नाही तर त्या कुणग्यात ज्योती किंवा जया हे नेहमीचे वाण लावू नयेत. मानशीच्या बाजूला कोरगुट हे खारे पाणी सोसणारे पारंपरिक भात, नाहीतर ओल्ड गोव्याच्या कृषी संशोधन केंद्राने काढलेले गोवा धान मालिकेतले क्षारसहनशील वाण. कुठल्या कुणग्यात काय, हा निर्णय घरात तीच घेते. बियाण्याचा अर्ज मात्र कार्डधारकाच्या नावाने जातो, आणि दुकानात उभा असलेला माणूस सवयीने ज्योती म्हणतो.

आता वेळा. ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधल्या रविवारी. जुलैत लावणी असते, ऑक्टोबरात कापणी आणि झोडणी. एप्रिलमध्ये काजूच्या बिया वेचायच्या असतात आणि त्याच महिन्यात पुरुमेंताची घाई: मिरच्या, सोले, खारी मासळी, सगळे वाळवून पाऊस पडायच्या आत डब्यांत भरायचे. जानेवारीत भाजीचा मळा. सकाळी 10 ते 12 ही शेतकाम करणाऱ्या बाईची सर्वांत वाईट वेळ, आणि बहुतेक सभा नेमक्या तेव्हाच. वार आणि महिना कायद्याने बांधलेला असेल, तास तर बांधलेला नाही ना? मग दुपारी 4 वाजता ठेवून बघा.

वाड्यावरच्या बायकांना स्वतः वेळ ठरवू दिली की त्या कोणती ठरवतात, याचा पुरावा प्रत्येक गावात आहे. पौषातल्या धालोंच्या, म्हणजे बायकांच्या गाण्या-नाचाच्या उत्सवाच्या, मांडावर बायका जमतात त्या रात्री जेवणे उरकून, भांडी घासून झाल्यावर. आमंत्रणपत्रिका नाही, ध्वनिक्षेपक नाही, तरी लागोपाठच्या कितीतरी रात्री मांड भरलेला असतो. बायका बैठकीला येत नाहीत, असे इतिवृत्तात लिहिण्याआधी हे आठवावे.

प्रशिक्षणांचेही तेच. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक जुलैत ठेवून कोणाला उपयोग? 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवायचे, त्यात बियाणे ओतून ढवळायचे, वर तरंगलेले पोचट दाणे काढून टाकायचे, तळाचे बी दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. हे मे अखेरचे काम. त्याच्याही आधी 100 दाणे ओल्या कापडात गुंडाळून पाच दिवस ठेवायचे, आणि 80 पेक्षा कमी रुजले तर बियाणे बदलायचे. हे प्रात्यक्षिक मेच्या पहिल्या पंधरवड्यात, संध्याकाळी, वाड्यावरच्या एखाद्या खळ्यात घेतले तर अर्ध्या तासाचे आहे. जुलैच्या सभागृहात ते अडीच तासांचे होते, त्यातला तास स्वागताचा.

यंत्रांबद्दल थोडेच लिहितो. लावणी यंत्राच्या प्रशिक्षणाला पुरुषांना बोलावतात, कारण चालवणार ते. पण ते यंत्र चालते की अडते हे ठरते चटईच्या तरव्यावर, आणि तो करतात बायका. चाळलेली माती दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची, बी सगळीकडे सारखे, रोप 14 ते 18 दिवसांचे. रोप जास्त वाढले की मुळे गुंततात आणि यंत्राचा चिमटा रोपे तोडून काढतो. चिखलणी झाल्यावर भारी जमिनीत दोन दिवस चिखल बसू द्यावा लागतो, नाहीतर लावलेली रोपे तरंगतात. गुडघाभर चिखलाच्या खाजन कुणग्यांत तर यंत्रच रुतते, तिथे हातानेच लावायचे. कुठले कुणगे यंत्राचे आणि कुठले हाताचे, ही यादी तयार करायला बायकांना एक दुपार पुरते. फवारणीचा पंप देताना एवढे लक्षात असावे की 16 लिटरचा पंप भरला की पाठीवर 20 किलोच्या आसपास ओझे होते. अनुदानाच्या यादीत लहान पंपही ठेवा.

खरी गाठ कागदात आहे, तिथे जरा थांबायला हवे.

गोव्यात लग्नाची नोंद झाली आणि त्याआधी वेगळा करार केलेला नसला तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून हे चालत आले आहे आणि त्याचा अभिमान आपण भाषणांतून पुष्कळ मिरवतो. म्हणून तर जमीन विकायची झाली की बायकोची सही लागते, तिच्या सहीवाचून नोंदणी पुढे सरकत नाही. तीच जमीन कसायची, तिच्या बांधासाठी मत द्यायचे, तिच्या नुकसानीचा अर्ज करायचा म्हटला की उताऱ्यावर नाव कुठे आहे, असा प्रश्न येतो. विकताना ती मालक आणि राखताना कोणी नाही. पीएम किसानचे वर्षाचे 6,000 रुपये जमिनीच्या नोंदीवर ठरतात, त्यामुळे तिथेही हेच.

देशाच्या कायद्यात याला तोड सापडते, आणि ती सत्तरी, सांगे, काणकोणच्या लोकांना ठाऊक आहे. 2006 च्या वन हक्क कायद्याने विवाहित माणसाच्या नावे हक्क द्यायचा तर तो नवरा-बायको दोघांच्या संयुक्त नावानेच द्यावा लागतो. रानातल्या काजूच्या बागेला जे जमते ते खाजनातल्या कुणग्याला का जमू नये?

नाव चढवायचा रस्ता आहे: मामलेदार कार्यालयात म्युटेशनचा (नोंद बदलण्याचा) अर्ज, सोबत विवाह नोंदणीचा दाखला, उतारा, ओळखपत्र. अडते ते नावापाशी. जन्मदाखल्यावर माहेरचे नाव. लग्नात नाव बदलले, ते सासरी रूढ झाले. विवाह दाखल्यावर पुन्हा माहेरचे. आधारवर सासरचे, पण आडनावाचे स्पेलिंग वेगळे. एका बाईच्या अशा चार बायका होतात आणि खिडकीवरचा कारकून चौघींनाही परत पाठवतो. त्याची चूक म्हणता येत नाही, त्याच्यापुढे चार नावे असतात. यावर इलाज, चारही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र. ते करायला नोटरी, स्टॅम्प, बसभाडे आणि एक दिवसाची मजुरी जाते. कामेरी म्हणून दुसऱ्याच्या शेतात जाणाऱ्या बाईला तो दिवस परवडत नाही. पंचायतीने वर्षातून एक दिवस तलाठी आणि नोटरी यांना एका टेबलावर बसवले तर एका वाड्याचे काम एका दिवसात उरकेल. दिवस निवडायचा तर बेणणी (तण काढणे) संपल्यावर आणि चवथीच्या तयारीआधी, ऑगस्टच्या मध्यावर.

उताऱ्यावर आजोबांचेच नाव आणि खाली नऊ सहहिस्सेदार, त्यातले तीन मुंबईत, अशी प्रकरणे वेगळी आहेत. ती एका दिवसात सुटणार नाहीत. पण तोवर असोसिएशनने थांबायचे कारण नाही. यादीत मूळ सभासदाच्या नावापुढे 'प्रत्यक्ष कसणारी व्यक्ती' असा रकाना वाढवून तिला बैठकीची नोटीस देणे आणि तिचे म्हणणे इतिवृत्तात लिहिणे याला म्युटेशन लागत नाही. मतदानाचा प्रश्न मामलेदारांकडे लेखी विचारा. 1975 च्या ज्या नियमांनी असोसिएशन उभ्या आहेत त्यांचा मूळ हेतू बांध राखण्याची कुळांची सामाईक जबाबदारी पार पाडणे हाच होता. ती पार पाडत कोण आहे, हे बांधावर जाऊन बघता येते.

आता गावकार्याकडे, कारण जी बाई मानस बघते बहुधा तीच बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष असते आणि पंचायतीचा फोनही तिलाच येतो. संध्याकाळी 7 ला निरोप: उद्या सकाळी 10 वाजता 25 बायका पाठवा. कशाला, ते कळत नाही. पाहुण्यांना उशीर होतो, बायका 1 पर्यंत बसतात, वाटेत एक सामोसा. तिने नाही म्हटले तर गटाची फाईल रेंगाळेल अशी भीती असते, आणि हो म्हटले तर त्या 25 जणींचा अर्धा दिवस तिच्या खात्यावर चढतो. पुढच्या वेळी त्या तिचा फोन उचलत नाहीत. गावातले नेतृत्व मोडते ते असेच. तेव्हा सात दिवस आधी लेखी कळवा, विषय लिहा, जाण्यायेण्याचा खर्च द्या. लावणीचे दिवस सोडा. जैवविविधता व्यवस्थापन समितीत स्त्रिया हव्यात म्हणून तिचे नाव घातले असेल तर तिला बैठकीला बोलवा. वही सहीसाठी घरी पाठवून समिती चालत नाही. लोक जैवविविधता नोंदवहीत ज्या रानभाज्या आणि माटोळीची (गणपतीवर बांधायच्या मांडवीची) जी फळे लिहायची, ती ओळखणारी माणसे तिच्याच ओळखीची आहेत.

गटांच्या बाजूनेही चुका होतात, त्या झाकण्यात अर्थ नाही. दहा-वीस जणींचा गट, पण रोकड वही एकीलाच लिहिता येते. मग तीच सचिव, सहा-सहा वर्षे. बँकेत हेलपाटे नकोत म्हणून कोऱ्या स्लिपांवर सह्या करून ठेवलेल्या असतात. एकीच्या नावाने कर्ज निघते, वापरते दुसरी, हप्ता चुकला की दोघी बोलेनाशा होतात. समजा 12 जणी महिना 200 रुपये भरतात, तर वर्षाला 28,800 रुपये जमतात. रक्कम फार मोठी नाही, पण वाड्यावरचे दहा वर्षांचे संबंध बिघडवायला पुरेशी आहे. आम्ही गटांना सांगतो ते असे: दर दोन वर्षांनी पदे बदलायची, आणि जाणाऱ्या सचिवाने नव्या सचिवाबरोबर तीन बैठका वही लिहायची. बँकेत सही करणाऱ्या तिघी ठेवून कोणत्याही दोघींच्या सह्या चालतील असा ठराव करायचा, म्हणजे एक बाळंतपणाला माहेरी गेली तरी व्यवहार अडत नाही. आणि बायका उठण्याआधी त्या दिवसाची जमा, दिलेले कर्ज आणि हातातली शिल्लक मोठ्याने वाचायची. वाचलेली शिल्लक आणि डब्यातल्या नोटा तिथल्या तिथे जुळल्या पाहिजेत. नाही जुळल्या तर चूक त्याच बैठकीत सापडते, महिन्याने सापडत नाही.

तुमच्या कार्यालयांतून गटांची तपासणी होते तेव्हा अहवालात बचत किती, कर्ज किती, उत्पादने कोणती एवढेच विचारतात. सचिव किती वर्षे तीच आहे, हा एक प्रश्न त्यात घालून बघा.

असोसिएशनच्या पुढच्या पावणीची नोटीस पंचायतीच्या काचेच्या फळ्यावर लागेलच. तिची एक प्रत स्वस्त धान्य दुकानाबाहेर आणि एक दूध सोसायटीच्या दाराशी लावा, पहाटे दूध घालायला येणाऱ्यांत बायका बऱ्याच असतात. नोटिशीत वेळ दुपारी 4 ची घाला. ज्या घरांतल्या बायका मानशीची वही ठेवायला तयार आहेत त्यांची नावे आम्ही वाड्यावार लिहून देऊ, उतारा क्रमांकासह.

आपल्या,
पेडणे, डिचोली आणि तिसवाडी तालुक्यांत शेतकरी बायकांच्या गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्या